पाळण्यातला चोर

पहाटे जन्म, दुपारी एका नव्या वाद्याचा शोध, संध्याकाळी ५० गाईंची चोरी आणि दुसऱ्या दिवशी थेट देवांच्या सभेत खटला. जगातल्या कथांमध्ये चलाख पोरसवदा चोर पुष्कळ आहेत. पण पहिली चोरी केली तेव्हा ज्याच्या वयाचा एक दिवसही भरला नव्हता, असा चोर ग्रीकांच्या हर्मिसखेरीज दुसरा सापडणं कठीण.

त्याची गोष्ट ५८० ओळींच्या एका ग्रीक स्तोत्रात येते. देवांची अशी ३३ स्तोत्रं प्राचीन काळापासून होमरच्या नावावर चालत आली. ती होमरची नाहीत हे आता सर्वमान्य आहे, आणि हर्मिसचं स्तोत्र बहुतेक अभ्यासक इ.स.पू. सहाव्या शतकातलं मानतात. स्तोत्र म्हटलं की देवाचे पराक्रम, त्याचं तेज, त्याची कृपा यांचं वर्णन आपण धरून चालतो. इथे देवाची स्तुती करायची म्हणून त्याने घातलेला दरोडा, पुसलेला माग, मारलेल्या थापा आणि घेतलेली शपथ हे सगळं तपशीलवार आणि भक्तिभावाने गायलं आहे. हे स्तोत्र रचणाऱ्याला चोरीत असं काय पवित्र दिसलं असेल? गोष्ट नीट वाचत गेलं की उत्तर हाती लागतं, आणि ते विलक्षण आहे.

गुहेतलं घर

दक्षिण ग्रीसमध्ये किलीनी नावाचा जवळजवळ २४०० मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या एका गुहेत माइया ही लाजरी अप्सरा राहायची. देवांच्या पंगतीपासून ती दूरच असे. देवांचा राजा झ्यूस आपली पत्नी हेरा झोपली की रात्री गुपचूप तिच्याकडे येई. त्यांचा हा मुलगा चांद्रमासाच्या चौथ्या दिवशी पहाटे जन्मला. झ्यूसचा मुलगा म्हणजे जन्माने देवच. पण देवांच्या ऑलिंपस पर्वतावर त्याचं आसन नाही, देऊळ नाही, त्याच्या नावाने कुणी नैवेद्य दाखवत नाही.

बाळ पाळण्यात थांबलंच नाही. उंबरठ्याबाहेर येतं तो समोर एक कासव रमतगमत गवत खात होतं. हर्मिस हसला, गोड बोलून त्याने त्याचं स्वागत केलं, उचलून आत आणलं आणि मारलं. कवी हे लपवत नाही. कासवाची पाठ कोरून रिकामी केली, तिला भोकं पाडून त्यांत बोरूचे तुकडे बसवले, वर बैलाचं कातडं ताणलं, दोन दांड्या आणि एक आडवी पट्टी जोडली आणि मेंढीच्या आतड्याच्या सात तारा चढवल्या. हे झालं जगातलं पहिलं लायर. ही कृती नुसती कल्पनेतली नाही. कासवाच्या पाठीपासून बनवलेल्या खऱ्या ग्रीक लायरचे अवशेष उत्खननांत मिळाले आहेत, आणि ब्रिटिश म्युझियममध्ये अशा एका वाद्याचे तुकडे जपून ठेवले आहेत. स्तोत्रातलं वर्णन वाचून एखादा कारागीर आजही कामाला बसू शकेल.

नवं वाद्य हातात घेऊन बाळ गायलं ते काय? आपल्या आईबापांचं प्रेम, स्वतःचा जन्म, घरातल्या दासी आणि भांडीकुंडी. जगात कुणीच आपलं स्तोत्र गात नाही, म्हणून पहिलं स्तोत्र त्याने स्वतःच म्हटलं. आणि कवी सांगतो की ओठांवर गाणं असताना त्याच्या मनात वेगळाच बेत शिजत होता.

उलटी पावलं

सूर्य मावळला आणि हर्मिस उत्तरेला पिएरियाच्या डोंगरात पोचला. तिथे देवांच्या गाई चरत होत्या, आणि त्या होत्या थोरल्या सावत्र भावाच्या, अपोलोच्या. धनुष्याचा, भविष्यवाणीचा, उजेडाचा हा देव. ज्याच्यापासून काही लपत नाही, त्याच्याच कळपातून हर्मिसने ५० गाई वेगळ्या काढल्या. नेल्या कुठे, तर दक्षिणेकडे अल्फिऑस नदीच्या काठी. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर जवळजवळ ३०० किलोमीटर भरतं, आणि त्याने ते एका रात्रीत कापलं.

त्याची युक्ती अशी होती. माग काढणारा जमिनीवर आधी दोन गोष्टी वाचतो: जनावर कोणत्या दिशेने गेलं, आणि त्याच्याबरोबर कोण होतं. हर्मिसने या दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी खोटी उत्तरं लिहून ठेवली. गाई त्याने उलट्या, पाठमोऱ्या चालवल्या, म्हणजे खुरांचे ठसे ज्या कुरणातून त्या निघाल्या त्याच कुरणाकडे तोंड करून उमटले. ठसे पाहणाऱ्याला वाटावं, गाई घरी परतल्या आहेत. स्वतःच्या पायांसाठी त्याने झाऊच्या आणि मर्टलच्या पालेदार डहाळ्या विणून चमत्कारिक चपला केल्या. त्यामुळे बाळाच्या चिमुकल्या पावलाच्या जागी मातीवर कसल्यातरी अवाढव्य, ओळख न पटणाऱ्या खुणा उमटत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अपोलो त्या वाळूत उभा राहिला तेव्हा थक्क झाला. हे पाऊल पुरुषाचं नाही, बाईचं नाही, लांडग्याचं, अस्वलाचं किंवा सिंहाचं नाही, अर्ध्या माणसाचं नि अर्ध्या घोड्याचंही नाही. सारं भविष्य जाणणाऱ्या देवाला पायाखालची जमीन वाचता येईना.

उलट्या पावलांची ही युक्ती पुढे रोमन लोकांच्या गोष्टीतही येते. व्हर्जिलच्या महाकाव्यात आणि लिव्हीच्या इतिहासात काकस नावाचा दांडगा दरोडेखोर हर्क्युलिसची जनावरं शेपटीला धरून मागे ओढत गुहेत नेतो. पण एक गाय हंबरते, चोरी उघडी पडते आणि काकस मारला जातो. एकच युक्ती वापरून एकाला मरण आणि दुसऱ्याला देवपण मिळतं. फरक पडतो तो चोरलेल्या वस्तूचं पुढे काय केलं यामुळे. काकसने माल गुहेत कोंडला आणि तो त्यावर बसून राहिला. हर्मिसने काय केलं, हा या स्तोत्राचा गाभा आहे.

न खाल्लेला घास

अल्फिऑसच्या काठी चांदण्यात त्याने गाईंना पाणी दाखवलं, चारा दिला आणि गोठ्यात घातलं. मग लाकडावर लाकूड घासून विस्तव काढला. यज्ञातल्या अरणीमंथनाची आठवण व्हावी असंच हे वर्णन आहे, आणि अशा रीतीने अग्नी पेटवण्याचा मान स्तोत्र हर्मिसला देतं. त्याने दोन गाई मारल्या, मांस भाजलं आणि त्याचे १२ सारखे वाटे करून चिठ्ठ्या टाकल्यागत ते वाटून ठेवले.

ऑलिंपसवरचे मुख्य देव १२ मानले जातात. म्हणजे हर्मिसने रात्रीच्या एकांतात, एकही देव समोर नसताना, सगळ्या देवांची पंगत मांडली आणि तिच्यात बारावं पान स्वतःचं वाढलं. याच अल्फिऑसच्या काठी ऑलिंपिया आहे. तिथे १२ देवांची पूजा सहा जोडवेदींवर होत असे, आणि त्यांतली एक वेदी अपोलो आणि हर्मिस या दोघांची मिळून होती.

आता सगळ्यात सुंदर भाग. भाजलेल्या मांसाच्या वासाने बाळाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मांसाच्याच ओढीने तर तो घरातून निघाला होता. पण त्याने घास घेतला नाही. माणसं मांस खातात, देवांना फक्त त्याचा धूर आणि सुवास पोचतो. आपण कोण आहोत हे आज रात्री ठरणार आहे, हे त्याला कळलं होतं. भूक मारून त्याने ते मांस या चोरीची खूण म्हणून गोठ्यात उंच टांगून ठेवलं, राख वाळूखाली दडपली, चपला नदीत सोडल्या आणि पहाटे घर गाठलं. वाटेत एक कुत्रं भुंकलं नाही. गुहेचं दार बंद होतं. शरद ऋतूतल्या धुक्यासारखा तो कुलपाच्या भोकातून आत शिरला, पाळण्यात आडवा झाला, दुपटं अंगावर ओढून घेतलं आणि लायर डाव्या बगलेत धरलं.

आईला सगळं कळलं होतं. ती रागावली. त्यावर मुलाने दिलेलं उत्तर ही गोष्टीची किल्ली आहे. त्याचं म्हणणं असं की देवांमध्ये आपण दोघंच अशी आहोत ज्यांना ना नवस ना नैवेद्य, या अंधाऱ्या गुहेत बसून राहणं मला मान्य नाही. अपोलोला जो मान आहे तोच मला हवा. बापाने दिला नाही तर मी चोरांचा राजा होईन आणि तो मिळवीन.

पुढे अपोलो ती गुहा धुंडाळतो तेव्हा बंद कपाटांमध्ये त्याला अमृत, सोनं, चांदी आणि भारी वस्त्रं सापडतात. घरात कशाचीच ददात नव्हती. पोराला गाई नको होत्या, त्याला मानपान हवा होता. संपत्ती असूनही पंगतीत जागा नसणं म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी एका अनाम कवीने रचावी, याचं नवल वाटतं.

खोटं न बोलता केलेली फसवणूक

या परिपूर्ण चोरीला एकच साक्षीदार होता. ऑन्केस्टस गावाजवळ एक म्हातारा आपल्या द्राक्षमळ्यात काम करत होता. पाहिलंस ते पाहिलं नाहीस आणि ऐकलंस ते ऐकलं नाहीस असं वाग, मळा भरभरून पिकेल, असं बाळाने त्याला जाताजाता बजावलं होतं. वाळूला खोटं बोलायला लावणाऱ्याला एका शेतकऱ्याचं तोंड मात्र बंद ठेवता आलं नाही. अपोलोने विचारताच म्हाताऱ्याने सांगून टाकलं की एक तान्हं मूल काठी घेऊन गाईंना उलट्या चालवत होतं. पुढे लांब पंखांचा एक पक्षी दिसला, त्या शकुनावरून अपोलोने ओळखलं की चोर झ्यूसचाच मुलगा आहे.

तो गुहेत आला तेव्हा बाळ मुटकुळं करून झोपेचं सोंग घेऊन पडलं होतं. अपोलोने पाताळात फेकून देण्याची धमकी दिली. बाळाचा बचाव असा: मी काल जन्मलो, माझे पाय कोवळे, मला झोप, आईचं दूध, ऊन पाण्याची अंघोळ आणि दुपटं एवढंच ठाऊक, गाय म्हणजे काय तेही मी नुसतं ऐकून आहे. अपोलोला हसू आलं. त्याने त्याला उचललं, तेवढ्यात बाळाने पोटातला वारा सोडला आणि वर एक शिंकही दिली. शिंक हा ग्रीकांमध्येही शकुन होता, आणि शकुनांचा देव तर अपोलो स्वतः! त्याने पोराला पटकन खाली ठेवलं.

खटला ऑलिंपसवर झ्यूससमोर उभा राहिला. इथे हर्मिसच्या बुद्धीची धार दिसते. त्याने दोन गोष्टी ठासून सांगितल्या: मी गाई हाकून घरी आणल्या नाहीत, आणि उंबरठ्यावरून पाऊल टाकलं नाही. दोन्ही वाक्यं पुन्हा वाचून पाहावीत. गाई तर अल्फिऑसच्या गोठ्यात होत्या, घरी आणल्याच नव्हत्या. आणि परतताना तो उंबरठ्यावरून आलाच नव्हता, कुलपाच्या भोकातून आला होता. शब्दाला शब्द खरा ठेवून त्याने ऐकणाऱ्याच्या मनात धडधडीत खोटं चित्र उभं केलं. उलट्या पावलांची युक्ती आता भाषेत आली आहे. जमिनीवरचे ठसे खऱ्या गाईंचे होते, फक्त ते भलतीकडे बोट दाखवत होते. शब्दही तसेच.

झ्यूस मोठ्याने हसला. कोण चोर आहे ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने शिक्षा दिली नाही. दोघांनी मिळून गाई शोधा, आणि हर्मिसने वाट दाखवावी, एवढाच निवाडा त्याने केला. चोराला वाटाड्या करण्याची सुरुवात इथे झाली.

न बांधता येणारा

नदीकाठी पोचल्यावर दोन गाईंची कातडी पाहून अपोलो चरकला. एका दिवसाच्या बाळाने दोन गाई लोळवल्या, तर मोठा झाल्यावर हा काय करील? त्याने हर्मिसला बांधायचं ठरवलं आणि निर्गुडीच्या एका ग्रीक भावंडाच्या लवचीक फांद्या वळायला घेतल्या. पण फांद्या तिथेच मुळं धरून वाढू लागल्या, एकमेकींत गुंतत गाईंवर पसरल्या, आणि बाळ मोकळंच राहिलं.

हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गोकुळ उभं राहतंच. भागवतात यशोदा लोणी चोरणाऱ्या कृष्णाला उखळाला बांधायला जाते तेव्हा दोरी दोन बोटं कमी पडते. दुसरी जोडते, तरी दोन बोटं कमी. गौळणींमधून आणि गावोगावच्या काल्याच्या कीर्तनांतून आपण हा चोर लहानपणापासून ओळखतो. दोन्हीकडे बाळ देव आहे, दोन्हीकडे तो चोर आहे, आणि दोन्हीकडे दोर हरतो. पण पुढे गोष्टी वेगळ्या वाटांनी जातात. घामाघूम झालेल्या आईची दया येऊन कृष्ण स्वतःला बांधू देतो. हर्मिस लायर वाजवायला बसतो.

तो गातो ते देवांच्या उत्पत्तीचं गाणं. पृथ्वी, आकाश, मग एकेक देव आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला मान. अपोलोने असे सूर कधी ऐकलेच नव्हते. राग कुठल्याकुठे गेला. या वाद्याचं मोल ५० गाईंच्या तोडीचं आहे, असं तोच बोलून गेला. मग सौदा झाला. हर्मिसने लायर दिलं, अपोलोने चाबूक आणि गुरांची राखण दिली. त्या दिवसापासून अपोलो संगीताचा देव झाला. आपण ज्याला अपोलोचं वाद्य म्हणून शिल्पांत आणि चित्रांत पाहतो ते मुळात एका चोराने भरपाई म्हणून दिलेलं आहे. आणि हात रिकामा झाला म्हणून हर्मिसने लगेच वेळूच्या नळ्यांचा पावा शोधून काढला.

तरी अपोलोच्या मनात भीती होतीच की हा माझं लायर आणि धनुष्य पुन्हा चोरील. तेव्हा हर्मिसने मान लववून वचन दिलं की तुझ्या घराला मी हात लावणार नाही, आणि अपोलोनेही वचन दिलं की तुझ्याइतकं प्रिय मला कुणी असणार नाही. फांद्यांनी जे साधलं नाही ते शब्दाने साधलं. कृष्णाला आईच्या मायेने बांधलं, हर्मिसला भावाच्या विश्वासाने.

ही गोष्ट ग्रीकांनी पुन्हापुन्हा सांगितली. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात इ.स.पू. ५३० च्या सुमाराचा, इटलीतल्या सेर्वेतेरी इथला एक पाण्याचा घडा आहे. त्यावर झोपेचं सोंग घेतलेलं बाळ, वाद घालणारी मोठी माणसं आणि झुडपाआड दडवलेल्या गाई रंगवल्या आहेत. नाटककार सोफोक्लिझने याच चोरीवर एक विनोदी नाटक लिहिलं. त्यात माग काढायला आलेले वनचर जमिनीखालून येणारा लायरचा आवाज ऐकून भेदरतात, कारण असला आवाज त्यांनी कधी ऐकलेला नसतो. हे नाटक हरवलं होतं. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या जुन्या शहराच्या उकिरड्यांत मिळालेल्या पपायरसवर त्याचा मोठा भाग सापडला आणि १९१२ मध्ये तो छापला गेला.

हद्दीची राखण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रीकांनी या चोराला पुढे कोणकोणती कामं दिली ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. रस्ते आणि प्रवासी त्याच्याकडे. व्यापारी त्याच्याकडे. एका राजाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारे दूत त्याच्याकडे. शेतांच्या सीमा त्याच्याकडे. आणि सगळ्यात नवलाचं म्हणजे घरांची दारंसुद्धा! अथेन्समध्ये घरोघरी दारासमोर हर्मिसचा दगडी खांब असे, वर त्याचं डोकं कोरलेला. चोरांचा देव दार राखायला उभा. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवरच्या मोठ्या स्वारीच्या तोंडावर कुणीतरी एका रात्रीत हे खांब फोडले, तेव्हा सारं शहर हादरलं. अपशकुन तर झालाच, राज्य उलथवण्याच्या कटाचाही संशय आला, चौकश्या झाल्या आणि माणसांना मृत्युदंड झाले. ग्रीक लोक या राखणदाराला किती गंभीरपणे मानत होते ते यावरून कळतं. आपल्या वाड्यांच्या दारांवरच्या गणेशपट्टीची आठवण इथे होते. चौथी तिथी आणि दार, दोन्ही ज्याची, असा देव दोन संस्कृतींनी आपापल्या परीने घडवावा, हा एक गोड योगायोग आहे.

चोराकडे दार सोपवण्यामागे खोल शहाणपण आहे. भिंत कुठे कच्ची आहे हे ती बांधणाऱ्यापेक्षा फोडणाऱ्याला जास्त कळतं. हद्द कुठून कुठे जाते हे ती ओलांडणाराच नेमकं सांगू शकतो. आणि चोरी, व्यापार, निरोप, प्रवास या सगळ्यांत एकच क्रिया घडते: काहीतरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं. ते संमतीने गेलं की देवघेव, संमतीशिवाय गेलं की चोरी. हर्मिसची पूर्ण गोष्ट म्हणजे चोरीचं देवघेवीत होणारं रूपांतर आहे. रात्री गाई चोरून नेल्या, सकाळी त्यांचाच सौदा झाला. स्तोत्रकाराला चोरीत पवित्र दिसलं ते हे: बंद पडलेल्या जगात तिने वाट पाडली. अपोलोकडे गाई होत्या पण गाणं नव्हतं, हर्मिसकडे गाणं होतं पण मान नव्हता, आणि दोघांमध्ये येणंजाणंच नव्हतं.

म्हणूनच त्याला शेवटी असं काम मिळालं जे दुसरा कुठलाही देव करू शकत नव्हता. हेडीसच्या, म्हणजे मृतांच्या राज्यात जाणारा अधिकृत दूत तोच. मेलेल्यांना तो हात धरून पैलतीराकडे घेऊन जातो. ती सगळ्यात कडक हद्द. तिच्यातून आतबाहेर करायला कुलपाच्या भोकातून शिरण्याचा सराव असलेलाच हवा.

चोराच्या कौशल्याकडे असं आदराने पाहणं आपल्याकडेही आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला शर्विलक गोविंद बल्लाळ देवलांमुळे मराठी रंगभूमीवरही आला. हा तरुण चोर भिंतीला कमळाच्या आकाराचं भोक पाडू की चंद्रकोरीच्या, सूर्याच्या की पूर्णकुंभाच्या, याचा विचार कलावंताच्या निष्ठेने करतो. मोजायला दोरी नाही म्हणून जानव्याने मोजतो. कार्तिकेयाला, म्हणजे शिवाच्या तरुण मुलाला, आपलं दैवत मानतो. त्याची चोरी असते प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी. आणि ज्याचं घर फुटलं तो चारुदत्त सकाळी उठून आधी भोकाच्या सुबकपणाचं कौतुक करतो, मग चोर आपल्या दरिद्री घरातून रिकाम्या हाताने गेला असेल या कल्पनेने कष्टी होतो. शर्विलक पुढे जुलमी राजाच्या कैदेतून आर्यकाला सोडवतो आणि राज्य पालटायला मदत करतो. इथेही भिंत फोडण्याची विद्या अखेर एका मोठ्या कामाला लागते.

आजच्या अद्भुत कादंबऱ्यांमध्येही हे रक्त वाहतं आहे. मेगन व्हेलन टर्नर यांच्या १९९६ च्या ‘द थीफ’ या कादंबरीत ग्रीससारखा डोंगराळ, ऑलिव्हच्या झाडांचा मुलूख आहे, पण तिथले देव लेखिकेने स्वतः घडवलेले आहेत. तुरुंगात खितपत पडलेल्या जेन या तरुण चोराला राजाचा एक विद्वान बाहेर काढतो, तो एक खडा चोरून आणण्यासाठी. तो खडा ज्याच्या हाती त्याचा राज्यावर हक्क, अशी जुनी समजूत आहे. म्हणजे इथेही चोरायची वस्तू वरवरची आहे, खाली अधिकाराचा प्रश्न आहे. रिक रायर्डन यांच्या २००५ च्या ‘द लाइटनिंग थीफ’मध्ये देवांच्या मुलांच्या छावणीत प्रत्येक देवाची वेगळी खोली असते. ज्यांना कुठल्याच देवाने आपलं म्हटलेलं नाही अशी मुलं हर्मिसच्या खोलीत राहतात. ज्याने स्वतः पंगतीबाहेर जन्म घेतला, त्याच्या घरात बिनमानाच्या सगळ्यांना जागा असावी, हे रायर्डन यांनी अचूक ओळखलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा चलाख पोरगा राजवाड्याच्या भिंतीवर चढताना किंवा देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना कादंबरीत भेटला, तर त्याने काय चोरलं याच्या आधी तो कुठल्या पंगतीबाहेर बसला होता हे पाहावं. आणि पुस्तक संपताना, पंगतीत आधीपासून बसलेल्यांनी त्याला काय दिलं तेही पाहावं. तुरुंग दिला असेल तर ती काकसची गोष्ट. गुरांचा चाबूक, दूताची काठी आणि दाराची राखण दिली असेल तर ती हर्मिसची. अपोलोने दुसरी वाट निवडली, आणि त्या एका निवडीतून त्याला संगीत मिळालं.